उलटं फिरत नाही

अकरा वर्षांनी गिअरबॉक्स परत आला
वणीकडच्या खाणीतून, ट्रकच्या कोपऱ्यात,
कांद्याच्या पोत्यांना टेकून.
शिरोली फाट्यावर ड्रायव्हरनं चहाला हात लावला नाही,
म्हणाला, आधी हे लोखंड उतरवा, पाटे बसलेत माझे.

झाकणाचे बोल्ट जाम. डिझेल ओतून रात्रभर ठेवले.
सकाळी हिंदुराव मिस्त्रींनी पाना लावला.
पहिला बोल्ट करकरला तसे म्हणाले,
"आपलाच हाय. मी आवळल्याला."

आत तेल नव्हतं, सोनेरी चिखल होता.
दोन बोटं बुडवली मी:
कोळशाची काजळी, आणि काजळीत चमकणारं
अकरा वर्षांचं ब्राँझ, कण कण.
चाकाचे दात जुन्या विळ्यासारखे पातळ.
वर्म मात्र तसंच, काळं, गुळगुळीत;
त्यात माझं नाक हातभर लांब दिसलं.

"झिजायचं कुणी, ते आधी ठरवाय लागतंय.
दोन्ही कडक घेतली तर दोन्ही मरत्यात.
एक मऊ पायजे. बदलता येतंय ते."
हे घरी काकूंना सांगू नका, मी म्हटलं.
ते हसले नाहीत.

इथं नवी होते तेव्हा मला वाटायचं
वर्म म्हणजे आपलंच वर्म,
जिथं बोट ठेवलं की माणूस कळवळतो.
पुढं कुणीतरी सांगितलं, इंग्रजीत तो किडा.
मिस्त्रींच्या तोंडून अजून मला पहिलंच ऐकू येतं.
"वर्म फिरवलं की चाक फिरतंय.
आता चाक धरून वर्म फिरीव बघू."
ओढणी कमरेला खोचून, पाय रोवून,
दोन्ही हातांनी ओढलं मी.
चाळीस वेढे इकडं, एक वेढा तिकडं,
आणि परतीची वाट बंद.

खोक्यात चिठ्ठी निघाली,
हजेरीच्या कार्डाच्या मागं, पेन्सिलीनं:
"मी मारोती टेकाम, विंच चालवतो.
पाण्यापावसात लाईन गेली जी.
ब्रेकच्या पट्ट्याले तेल लागलं होतं.
बकेटीत चार जण, निम्म्यावर.
दीड घंटा.
इंचभर बी नाही उतरली.
प्लेटीवर तुमचं नाव होतं म्हणून लिहिलं."

मी मोठ्यानं वाचलं, दोनदा.
लेथवरचा असलम मशीन बंद करून उभा राहिला.
मला वाटलं आता वडे मागवतील.

मिस्त्रींनी चिंध्यांनी हात पुसले,
एकेक बोट, वेळ लावून.
"माल वाहायच्या बकेटीत माणसं?
आणि ब्रेक कुठं होता?
वर्म धरतंय, न्हाई म्हणत न्हाई मी.
पर हादरं बसलं, तेल पातळ झालं,
की सरकतंय बी, हळूच, गपचिप.
माझ्या दातावर माणूस टांगायचा न्हाई."

त्या दिवशी ते गंगावेशीत दूध प्यायला गेले नाहीत.
छिन्नी घेऊन बसले, पितळी पट्टीवर,
ब्रेकशिवाय चालवू नये, इतकंच कोरायला नऊ वाजले.
'व्र' नाही ना यात, असं मध्येच विचारलं.

चौथ्या दिवशी नवं चाक चढवलं.
निळी शाई फासून मी वर्म फिरवलं,
दातांवर डाग उमटला, बरोबर मधोमध.
मी खूश.
"मध्यावर नको. जरा सुटायच्या अंगाला घे.
तेलाला आत याला दार लागतंय."
शिमा काढल्या, घातल्या, पुन्हा शाई.
सहाव्या वेळी ते नुसते हं म्हणाले.

खोकं ठोकायच्या आधी मला म्हणाले, लिही:
टेकाम, पट्टा बदला. आजच.
मी लिहिलं.
मग बराच वेळ काही नाही,
शेजारच्या फाउंड्रीत वाळू चाळल्याचा आवाज.
"आणि त्या चौघांची नावं कळवा म्हणावं."

कार्डावर जागा उरली नव्हती.
कडेनं, उभं लिहिलं मी ते.